न आटणारा बोअर, न भरणारी टाकी

ज्या गल्लीची ही हकिकत आहे ती छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिण अंगाला, बीड बायपासच्या पलीकडे, साताऱ्याच्या डोंगराकडे चढत जाणाऱ्या उतारावर आहे. वसाहतीचं नाव मुद्दाम देत नाही. तिथं लोक राहतात, त्यांच्या लेकरांची लग्नं व्हायची आहेत, आणि तिथली परिस्थिती शेजारच्या पंधरा वसाहतींपेक्षा वेगळी नाही. माझी सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या कामात झाली. म्हणून त्या गल्लीतल्या एका शिक्षकांनी मला बोलावलं, आणि पुढची दोन-अडीच वर्षं मी या प्रकरणात राहिलो.

गल्लीत २४ घरं, समोरासमोर बारा-बारा. प्रत्येक प्लॉट २० बाय ३०, म्हणजे ६०० चौरस फुटांचा. मधला रस्ता विकणाऱ्याच्या नकाशावर २० फुटांचा. ओटे, जिने आणि गाडी चढवायचे उतार वजा केले तर घंटागाडी कशीबशी जाते. लोक अंबड, परतूर, गेवराई, वैजापूर, सिल्लोडकडचे. कुणी वाळूजच्या कंपनीत, कुणी चिकलठाण्याला, दोन घरं शिक्षकांची, एक एसटी वाहकाचं, बाकीच्यांचे छोटे धंदे. गावाकडची शेती भावाला वाट्यानं देऊन किंवा एखादा एकर विकून हे प्लॉट झालेले आहेत. एवढं सगळं लेकरांच्या शिक्षणासाठी.

जमीन मूळची शेतीची, गट नंबरातली. एका एकरात ४० गुंठे, म्हणजे ४३,५६० चौरस फूट. मालकानं स्वतःच चुन्याच्या फक्क्या मारून ती विकली. काहींकडे नोंदलेलं खरेदीखत आणि सामाईक सातबारा आहे, काहींकडे फक्त बाँडपेपर. गुंठेवारी, म्हणजे शेतजमिनीचे असे विनापरवाना पाडलेले छोटे प्लॉट, नियमित करायचा कायदा राज्यानं २००१ मध्ये केला, पण १ जानेवारी २००१ नंतरच्या वस्त्या त्यात बसत नव्हत्या. ही गल्ली भरायला लागली त्यानंतर. २०२१ च्या दुरुस्तीनं ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढं आली, तेव्हा कुठं इथल्या लोकांना फाइल करायची वाट मिळाली. तोवर घरं बांधून, वास्तुशांत होऊन, वरचा मजलाही चढला होता.

हे सगळं सांगण्याचं कारण पाण्याशी जोडलेलं आहे. बांधकाम परवानगीच नसली की संडासाची टाकी कशी बांधली, बोअरपासून किती लांब बांधली, हे पाहायला कुणी येत नाही. मिस्त्री ठरवेल तीच रचना. त्यात हा भाग आधी ग्रामपंचायतीत होता, २०१४ मध्ये सातारा-देवळाई नगरपरिषद झाली आणि थोड्याच काळात ती मोडून सगळं महापालिकेत गेलं. मलवाहिनी पोचायच्या आत घरं भरली, आणि प्रत्येकानं आपल्या ६०० फुटांत आपलं पाणी आणि आपला मैला अशी दोन्हींची सोय लावून घेतली. गेटजवळ बोअर, जिन्याखाली किंवा पोर्चमध्ये टाकी.

आषाढातली कावीळ

त्या वर्षी मृगाचा पाऊस वेळेवर झाला. आषाढ लागला तसं गल्लीत कावीळ निघाली. पहिल्यांदा वाहकांच्या घरातली दोन लेकरं, मग समोरच्या ओळीतला कॉलेजचा मुलगा, मग एकदम तीन घरं. माहेरी बाळंतपणाला आलेली एक लेक आठव्या महिन्यात होती. तिला कावीळ झाली तेव्हा मात्र सगळे हादरले. डॉक्टरांनी तपासणी करून हेपटायटिस ई असल्याचं सांगितलं. हा विषाणू माणसाच्या विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून पोटात जातो. एरवी महिना-दीड महिन्यात माणूस बरा होतो, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तो जिवावर बेतू शकतो. ती लेक आणि तिचं बाळ दोघंही वाचले. घाटीतले, म्हणजे सरकारी दवाखान्यातले, ते दिवस मात्र तिच्या आईला आजही नीट सांगता येत नाहीत.

गल्लीनं पहिला दोष दिला कोपऱ्यावरच्या पाणीपुरीच्या गाड्याला. मग जारवाल्याला. दोन्ही संशय अगदीच निराधार नव्हते. वीस लिटरचा जो थंड जार घरोघर येतो, त्यावर बाटलीबंद पाण्यासारखं मानकाचं बंधन बहुतेक वेळा नसतं. पण कावीळ झालेल्यांपैकी अर्ध्याअधिक घरांत जार येतच नव्हता. शिवाय या काविळीचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसायला दोन ते आठ आठवडे लागतात. म्हणजे पंधरवड्यापूर्वीच्या पाणीपुरीपेक्षा पहिल्या पावसाच्या सुमाराला लोक काय पीत होते, हे विचारायला हवं होतं.

उत्तर घरोघर एकच आलं. उन्हाळ्यात टँकरचं पाणी होतं. पाऊस पडला, बोअरला पाणी चढलं, आणि लोकांनी टँकर बंद केला.

तपासलं ते

आधी आम्ही गल्लीचा नकाशा काढला. मोठ्या ड्रॉइंग शीटवर २४ चौकोन, प्रत्येकात बोअर कुठं, टाकी कुठं, दोन्हींत अंतर किती. गल्लीच्या बचत गटातल्या दोन ताई टेप घेऊन घरोघर फिरल्या, कारण त्यांना कुठल्याही घरात आतपर्यंत जाता येत होतं. शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याचा स्रोत यांच्यात १५ ते १८ मीटर, म्हणजे ५० ते ६० फूट अंतर ठेवावं असं सांगितलं जातं. २० बाय ३० च्या प्लॉटचा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा कर्णच भरतो ३६ फूट. एका टोकाला बोअर आणि दुसऱ्या टोकाला टाकी ठेवली, तरी हा नियम पाळणं भूमितीलाच शक्य नाही. त्यातही आपली टाकी दूर ठेवली की ती शेजाऱ्याच्या बोअरला चिकटते. एका घराच्या बोअरपासून शेजारची टाकी ७ फुटांवर निघाली. मध्ये फक्त कंपाउंडची भिंत होती. दोन्ही घरांत चांगलं येणं-जाणं आहे, पण हे दोघांपैकी कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

नंतर टाक्या उघडल्या. कागदोपत्री सगळ्या सेप्टिक टाक्या. प्रत्यक्षात सात-आठ सोडल्या तर बाकीचे नुसते खड्डे, सिमेंटच्या कड्या एकावर एक ठेवलेले, तळ न बांधलेला. "मिस्त्रीनंच सांगितलं होतं, तळ मोकळा सोडा, जन्मात उपसावी लागणार नाही," असं एका मामांनी सांगितलं. आणि खरंच त्यांची टाकी चौदा वर्षांत एकदाही उपसलेली नव्हती. याचं त्यांना समाधान होतं. नीट बांधलेली सेप्टिक टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावीच लागते, कारण तिच्या तळाशी गाळ साठतो. ती भरत नसेल तर आतलं खाली चाललं आहे, एवढाच त्याचा अर्थ.

खाली म्हणजे कुठं, हे बोअर घेणाऱ्या गाडीवाल्याकडून कळलं. या गल्लीतले बरेच बोअर त्यानंच घेतलेले. वर दोन-तीन फूट माती, मग पंधरा-वीस फूट मुरूम, त्याखाली मांजऱ्या, म्हणजे मऊसर खडक, मग काळा पाषाण, मधेच गेरूचा पट्टा. सगळा मराठवाडा अशाच लाव्हाच्या थरांवर बसलेला आहे. यात नदीकाठच्या वाळूसारखं गाळून निघणं होत नाही. पाणी मुरमातून झटकन उतरतं आणि खडकाच्या सांध्यांतून, भेगांतून आडवं पळतं. बोअरला वरचे २० फूट केसिंग, म्हणजे आत बसवलेला पाइप, त्यापुढं उघडा खडक. केसिंग आणि भोकाच्या मधली फट सिमेंटनं भरलेली एकही सापडली नाही. म्हणजे मुरमातलं पाणी केसिंगच्या बाहेरून सरळ बोअरमध्ये उतरायला मोकळं होतं.

मग एचटूएसच्या बाटल्या लावल्या. ग्रामपंचायतीत आरोग्यसेवक वापरतात त्याच. पाणी भरून ठेवायचं, एक-दोन दिवसांत काळं पडलं तर पाण्यात मैल्याचे जंतू असण्याची शक्यता दाट. २२ बोअरच्या बाटल्या एका ओळीत शिक्षकांच्या ओट्यावर ठेवल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतली सगळी माणसं ओट्यासमोर उभी होती. वरच्या अंगाच्या, डोंगराकडच्या चार-पाच बाटल्या सोडल्या तर सगळ्या काळ्या. सगळ्यात आधी आणि सगळ्यात गर्द काळी झालेली बाटली होती उताराच्या शेवटी राहणाऱ्या काकांची.

इथं गल्ली गप्प झाली. काकांचा बोअर म्हणजे गल्लीचं भूषण होतं. आजूबाजूचे तीन-तीनशे फुटांचे बोअर मार्चमध्ये फुसफुसायला लागत. काकांचा दीडशे फुटांचा बोअर मे महिन्यातही अर्धा तास सलग चाले. पाणाड्यानं नारळ फिरवून ती जागा दाखवली होती, नारळ हातात उभा राहिला होता, अशी त्याची कथा. काकांनी कधी पाण्याचा पैसा घेतला नाही. उन्हाळ्यात सहा-सात घरांना ते पाइप टाकून पाणी देत. अशा माणसाच्या दारात जाऊन तुमचं पाणी सगळ्यात वाईट आहे हे सांगणं कठीण होतं. काकांचं म्हणणं एवढंच होतं, "आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी बारा वर्षं हेच पितो. आम्हाला काय झालं?"

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर आहे. वर्षानुवर्षं थोडे-थोडे जंतू पोटात जाणाऱ्या मोठ्या माणसाला बऱ्याच रोगांची सवय झालेली असते. लेकरांना, बाहेरून आलेल्या पाहुण्यांना आणि गरोदर बाईला ती नसते. पण काकांना हे पटवायला शब्द पुरेनात, म्हणून एक प्रयोग केला. वरच्या बाजूला तीन घरं सोडून असलेल्या टाकीत खडे मिठाचं दाट पाणी ओतलं. आरओवाल्याकडचं टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं मीटर काकांच्याच हातात दिलं, आणि सकाळ-संध्याकाळ बोअरचं पाणी मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडा लिहायला सांगितलं. तिसऱ्या दिवसापासून आकडा चढला, आठवडाभरानं उतरला. काकांनी ते कॅलेंडर स्वतः शिक्षकांकडे आणून दिलं.

हिशेब

बोअर का आटत नाही, याचा हिशेब आम्ही फळ्यावर मांडला. या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला हीच वाटते.

गल्लीची लांबी २४० फूट, दोन्ही ओळी आणि रस्ता धरून रुंदी ८० फूट. क्षेत्रफळ १९,२०० चौरस फूट, म्हणजे साधारण १,८०० चौरस मीटर. घरामागे पाच माणसं धरली तर १२०. माणशी रोज ८० लिटर सांडपाणी जमिनीत गेलं तर दिवसाला ९,६०० लिटर. ते सगळं एवढ्याच जमिनीत मुरतं, म्हणजे रोज पाच मिलिमीटर पावसाइतकं. वर्षाचं झालं १,९०० मिलिमीटरच्या पुढं. उन्हाळ्यातली काटकसर धरून हे निम्मं केलं तरी साडेनऊशे.

आता पाऊस. या शहरात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पडतो. आपल्या खडकात त्यातला दहा टक्क्यांच्या आसपास हिस्सा मुरतो, म्हणजे सत्तरेक मिलिमीटर. त्यातही इथं अंगणं फरशीची आणि रस्ता सिमेंटचा. सत्तर एका बाजूला, साडेनऊशे दुसऱ्या बाजूला. गल्लीच्या खाली जे भूजल आहे ते बहुतांशी गल्लीनंच वरून सोडलेलं पाणी आहे. उन्हाळ्यात टँकरनं विकत आणलेलं पाणी स्वयंपाकघरातून, न्हाणीघरातून आणि संडासातून खाली उतरत होतं आणि उताराच्या शेवटी काकांच्या बोअरला लागत होतं. म्हणून तो मे महिन्यातही चालत होता. मामांची टाकी भरत नव्हती आणि काकांचा बोअर आटत नव्हता, ही एकच गोष्ट होती.

जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतून रासायनिक तपासणी करून घेतली, तिनंही तेच सांगितलं. डोंगराकडच्या बोअरमध्ये नायट्रेट, म्हणजे मैल्यातून पाण्यात उतरणारा क्षार, मर्यादेच्या आत, जसजसं खाली यावं तसतसं वाढत गेलेलं, आणि काकांकडे मर्यादेच्या बरंच वर. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे आणि ई-कोलाय तर १०० मिलिलिटरमध्ये एकही चालत नाही. नायट्रेटबद्दल मी बायांना एक गोष्ट वारंवार सांगितली: पाणी उकळल्यानं जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. पाणी आटतं तसं ते उलट दाट होतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं दूध या पाण्यात कालवून द्यायचं नाही, उकळून सुद्धा नाही.

याच शहरात सतराव्या शतकात मलिक अंबरनं उत्तरेच्या डोंगरातून नहरी आणल्या. पाणी वस्तीच्या वरच्या अंगाला धरलं आणि बंद नळांतून, जमिनीखालून, शहरात आणलं. पाणी वर आणि माणसं खाली, हा त्यातला साधा विवेक. आज आम्ही डोंगराच्या पायथ्याशी, जिथं पाणी मुरतं नेमक्या तिथं, राहायला गेलो आहोत.

कुणी काय सुचवलं

पहिली सूचना, बोअर खोल घ्या. पाचशे फूट. गाडीवाला तयारच होता. पण वरचे सांधे उघडे ठेवून खाली कितीही गेलं तरी वरचं पाणी त्याच भोकातून खाली उतरणार. आजवर घाण वरच्या थरात आहे, ती खालच्या थरातही जाईल. दोन घरांनी तरीही खोल बोअर घेतला. एकाला पाणीच लागलं नाही. दुसऱ्याच्या पाण्यात काही महिन्यांत बाटली काळी झाली.

दुसरी, प्रत्येकानं आरओ बसवा. आरओनं नायट्रेट कमी होतं, हे खरं. पण घरगुती यंत्र शुद्ध पाण्यापेक्षा जास्त पाणी वाया घालवतं, आणि ते पुन्हा त्याच टाकीत. शिवाय लेकरू दात कुठल्या पाण्यानं घासतं, भांडी कशानं विसळतात, कोथिंबीर कशात धुतात? सगळं बोअरच्या पाण्यात.

तिसरी, टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. हे मात्र त्याच आठवड्यात सुरू केलं. पाण्याच्या हजार लिटरच्या टाकीला साधारण ५ ग्रॅम पावडर. बादलीत कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत घालायची, अर्धा तास थांबायचं. पावडर उघडी राहिली की तिचा जोर जातो, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात, लहान प्रमाणात आणायची. नळाला ओटी टेस्ट करून पिवळा रंग येतो का, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलं आहे का, हे पाहायचं काम बचत गटानं घेतलं. नव्या काविळी त्यानंतर थांबल्या. पण टीसीएलनं खालचं पाणी सुधारत नाही. रोज घालायला लागते, आणि एका घरानं आठ दिवस आळस केला तरी लेकरं आजारी पडतात.

खरा प्रश्न उरला तो असा. ६०० फुटांत बोअर आणि शोषखड्डा एकत्र नांदू शकत नाहीत. दोन्हींतलं एक जायला हवं. मी म्हणालो, शोषखड्डा जाऊ द्या.

मारुतीच्या मंदिरातली बैठक

बैठक मंदिराच्या सभामंडपात झाली, आणि चांगलीच तापली. वरच्या अंगाच्या लोकांचं म्हणणं, आमचं पाणी ठीक आहे, आम्ही पोर्च का फोडायचा? त्यांच्या बाटल्या काळ्या झाल्या नव्हत्या, पण घाण त्यांच्याकडूनच खाली येत होती. हा अन्याय उताराचा आहे आणि शहराच्या कडेच्या सगळ्या वसाहतींत तो असतो: ज्याला खर्च करायचा त्याला फायदा नाही, आणि ज्याला त्रास आहे त्याच्या हातात काही नाही. परतूरकडच्या एका मावशींनी हे फार नेमकं सोडवलं. त्या वरच्या अंगाच्या एका भाऊंना म्हणाल्या, "तुम्ही काय सांगायलेत भाऊ? तुमच्या वरबी प्लॉटिंग पडायलंय की. उद्या तिथं घरं झाल्यावर तुम्ही कुणाकडं जाणार?" डोंगराकडे खरोखरच नव्या फक्क्या पडलेल्या होत्या. भाऊंनी मान डोलावली. माझ्या सगळ्या आकड्यांपेक्षा या एका वाक्यानं जास्त काम केलं.

ठरलं ते असं. पूर्वेकडच्या बारा घरांनी आपले खड्डे बंद करायचे, तळ बांधलेल्या छोट्या टाक्या करायच्या, आणि त्यांचं वरचं पाणी रस्त्याखालून ६ इंची पाइपनं उताराच्या टोकाला न्यायचं. उतार निसर्गानंच दिलेला, त्यामुळे मोटार लागत नव्हती. टोकाला एक सामाईक टाकी, खडीची गाळणी, आणि पुढं खडी-वाळूत लावलेली कर्दळ. नाल्यात थेट सोडायला मी नकार दिला. आपली कावीळ खालच्या वसाहतीला देण्यासाठी एवढा खटाटोप करण्यात अर्थ नव्हता.

पश्चिमेकडची ओळ आली नाही. तिथं टाक्या घराच्या आत, जिन्याखाली गेलेल्या. त्या काढायच्या तर जिना धोक्यात. दोन घरांनी तर टाकीवरच स्वयंपाकघर बांधलेलं. मला ते तेव्हाही समजत होतं आणि आजही समजतं. आयुष्याची कमाई घालून बांधलेलं घर असं फोडता येत नाही.

जागेचा पेच वेगळाच. विकणाऱ्याच्या नकाशात नाल्याकडे एक हिरवा चौकोन होता, 'मोकळी जागा' असं लिहिलेला. ती जागा दोघांना विकलेली निघाली. त्यापलीकडच्या पट्ट्याच्या सातबाऱ्यावर इतर हक्कांत इनामाची नोंद. निजामाच्या काळातली इनामं हैदराबादच्या १९५४ च्या कायद्यानं रद्द झाली, पण अशा जमिनींवर अजूनही शर्ती असतात आणि परवानगीशिवाय व्यवहार टिकत नाहीत. मराठवाड्यात प्लॉट घेणाऱ्यानं सातबाऱ्यावरचा हा रकाना आणि 'भोगवटादार वर्ग २' हे शब्द पहिल्यांदा पाहावेत, किंमत नंतर विचारावी. शेवटी कोपऱ्यावरचा एक रिकामा प्लॉट मिळाला. मालक पिंपरीला नोकरीला, गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेला. बांधकाम करेपर्यंत जागा वापरू द्यायची, बदल्यात गल्लीनं कुंपण घालायचं, कर भरायचा आणि मागितल्यावर रिकामी करून द्यायची. नोटरी केली. ५६ चौरस मीटर जागा साठ माणसांच्या सांडपाण्याला तोकडीच आहे, पण दुसरी नव्हती.

पैसे घरटी जमले आणि बचत गटाच्या खात्यात राहिले. काम दिवाळीनंतर सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाला संपलं.

पुढं काय झालं

पहिल्या पावसाळ्यात बाटल्या पुन्हा लावल्या. पूर्वेकडच्या निम्म्या बोअरची बाटली काळी व्हायची थांबली. बाकीच्यांची काळी होत राहिली, कारण समोरची ओळ तशीच होती आणि खडकातल्या भेगा रस्ता पाहून थांबत नाहीत. दिवाळीनंतरच्या तपासणीत आणखी तीन स्वच्छ निघाले. नायट्रेट मात्र जेमतेम उतरलं. चौदा वर्षांत जमिनीत गेलेलं वर्षभरात निघत नाही. म्हणून पिण्यासाठी कुठलाच बोअर वापरायचा नाही आणि टीसीएल थांबवायची नाही, हा नियम आजही आहे. कावीळ त्यानंतर गल्लीत निघालेली नाही. एवढ्यावरून पाणी चांगलं झालं असं मी म्हणणार नाही. लोक आता ते पीत नाहीत, हेच त्याचं मोठं कारण आहे.

आणि काकांचा बोअर एप्रिलमध्ये आटला.

हे होणार हे हिशेबात दिसतच होतं, आणि ते मी त्यांना आधी सांगितलंही होतं. तरी मोटार कोरडी फिरायला लागली त्या दिवशी काका कुणाशी बोलले नाहीत. त्यांनी प्रयोग केला, पैसे दिले, पोर्च फोडू दिला, आणि त्यांच्याच दारचं पाणी गेलं. त्यांच्यावर अवलंबून असलेल्या सहा घरांचंही गेलं. मैल्याचं असलं तरी संडासाला, झाडांना, फरशीला ते चालत होतं. त्या उन्हाळ्यात गल्लीचा टँकरचा खर्च वाढला, आणि काही जणांनी उघडपणे म्हटलं की आधीचंच बरं होतं. सुधारणेचा हा भुर्दंड खरा आहे आणि तो लपवून कुणाला असं काम करायला सांगू नये. तोडगा शिक्षकांनी काढला. टँकर घरोघरी वेगळा न मागवता गल्लीचा मिळून मोठा मागवायचा, आणि पहिला पाइप काकांच्या हौदात. कर्दळीतून निघणारं पाणी बादल्यांनी झाडांना आणि रस्त्यावर मारायला वापरायला सुरुवात झाली. संडासासाठी ते टाकीवर चढवायचं का, यावर अजून एकमत नाही.

आता गल्लीसमोर वेगळी गोष्ट आहे. पैठणच्या नाथसागरातून शहराला येणाऱ्या नव्या पाणीयोजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं. तेव्हाचा खर्च १,६८० कोटी, मुख्य जलवाहिनी अडीच मीटर व्यासाची. कडेच्या या वसाहतींना नळ मिळण्याची आशा त्याच योजनेवर आहे, आणि नळ येणार म्हटल्यावर गल्लीत आनंद आहे, असायलाच हवा. पण देशातल्या पाणीपुरवठ्याच्या निकषात मलवाहिनी असलेल्या शहराला माणशी १३५ लिटर आणि मलवाहिनी नसलेल्या गावाला ७० लिटर धरतात, त्यामागे कारण आहे. १३५ लिटर पाणी घरात आलं की त्यातलं शंभराहून जास्त लिटर बाहेर जातं. १२० माणसांचे रोज १३,००० लिटर. पश्चिमेकडच्या ओळीत ते त्याच मोकळ्या तळाच्या खड्ड्यांत जाईल. खालच्या थरातलं पाणी वर चढेल, पावसाळ्यात टाक्या उफाळतील, आणि दाब नसेल त्या वेळी नव्या नळाच्या जोडातूनही ते आत ओढलं जाईल.

म्हणून गल्लीनं जो अर्ज दिला आहे त्यात नळाच्या आधी किंवा निदान त्याच खोदाईत मलवाहिनी टाका, अशी मागणी आहे. अर्जासोबत २४ चौकोनांचा नकाशा, बाटल्यांचे फोटो, प्रयोगशाळेचे अहवाल आणि उताराची मापं जोडली आहेत. नकाशाच्या झेरॉक्स शेजारच्या तीन गल्ल्यांनी नेल्या आणि त्यांनी आपापल्या बाटल्या लावल्या. त्यांचे निकाल पुढच्या अर्जाला जोडले जातील. सामाईक टाकी येत्या दिवाळीनंतर पहिल्यांदा उपसायची आहे. त्यासाठी बचत गट घरटी महिन्याला थोडे पैसे बाजूला काढतो, आणि कोणत्या दोन घरांचे थकले आहेत ते दर महिन्याच्या बैठकीत वाचून दाखवतो.